बॅटरी बसली म्हणजे गेलीच असं नाही

प्रश्न : सर नमस्कार, आम्ही अकोल्याला राहतो, मुलगा पुण्याला असतो त्यामुळे घरची छोटी पेट्रोल गाडी महिना महिना जागेवरच उभी असते. परवा सेल्फ मारला तर नुसतं कट कट कट, गाडी काही चालू होईना. गॅरेजवाला म्हणतो बॅटरी गेली, नवीन टाका. पण बॅटरी फक्त दोन वर्षांची आहे हो. शेजारचे काका म्हणतात रोज पाच मिनिटं गाडी चालू करून ठेवत जा. काय करावं?

उत्तर : लगेच नवीन घेऊ नका. आधी जुनी नीट चार्ज करून बघा, आणि हे आजच करा, पुढच्या रविवारवर ढकलू नका. कारण बॅटरी उतरली की आतल्या प्लेटांवर लेड सल्फेट जमतं, ते ताजं असेपर्यंत चार्जिंगने परत विरघळतं पण बॅटरी तशीच पडून राहिली तर त्याचे कडक खडे होतात आणि मग ते निघत नाहीत. दोन वर्षांच्या बऱ्याच चांगल्या बॅटऱ्या अशाच मरतात, नुसत्या उतरल्याने नव्हे, उतरलेल्या अवस्थेत पडून राहिल्याने.

चार्जिंगच्या आधी टर्मिनल, म्हणजे बॅटरीवरचं वायर जोडायचं टोक बघा. ते हाताने हलत असेल किंवा त्यावर पांढरी-हिरवी पावडर आली असेल तर चांगली बॅटरीसुद्धा कट कट करते. पाण्यात खायचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने घासा (बॅटरीच्या आत थेंबही जाऊ देऊ नका), कोरडं करा, घट्ट बसवा, वरून व्हॅसलीन लावा. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी, म्हणजे पाना चुकून बॉडीला लागला तरी शॉर्ट होत नाही.

मग मल्टीमीटर (व्होल्ट मोजायचं छोटं यंत्र) लावा, साधा स्वस्तातला चालतो. गाडी रात्रभर बंद असताना १२.६ व्होल्ट किंवा जास्त म्हणजे फुल, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. चार्जर बॅटरीच्या क्षमतेच्या एक दशांश करंटचा हवा, तुमच्या गाडीला ३५ एएचची (एएच म्हणजे अँपिअर-अवर, बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) बॅटरी असेल तर साडेतीन अँपिअर, आणि रात्रभर लावून ठेवायचा. काही ऑटोमॅटिक चार्जर फारच उतरलेली बॅटरी ओळखतच नाहीत, तसं झालं तर बॅटरीच्या दुकानात नेऊन चार्जिंगला लावा. चार्जिंग मोकळ्या हवेत करा, आतून हायड्रोजन निघतो, जवळ बिडी काडी नको.

चार्ज झाल्यावर चार्जर काढून रात्रभर तशीच ठेवा आणि सकाळी मोजा. १२.५ च्या वर टिकली तर पास होण्याची आशा बरीच आहे, मग दुकानातून लोड टेस्ट (जोराचा करंट ओढून बॅटरी टिकते का ते बघणं) करून घ्या. पण फुल चार्ज करूनही १०.५ च्या आसपासच अडकली तर आतल्या सहापैकी एक सेल गेलाय, तिथे मात्र गॅरेजवाल्याचं बरोबर.

आता काकांचा सल्ला. काका मनापासून सांगतात पण याने बॅटरी भरत नाही. गाडी उभी ठेवून इंजिन आयडलिंगला असताना अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा भाग) कमी करंट देतो, त्यात पंखा एसी लाईट चालू असेल तर बॅटरीच्या वाट्याला फारसं उरतच नाही, आणि बॅटरीचा शेवटचा थोडा भाग तर कितीही करंट द्या, भरायला तासन् तास लागतात. वर थंड इंजिन पाच मिनिटं चालवून बंद केलं की सायलेन्सरमध्ये आणि ऑईलमध्ये पाणी धरतं. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा गाडी हायवेला काढा, अर्धा-पाऊण तास चालवा.

तेही जमत नसेल तर हा हिशोब बघा. बंद गाडीतही घड्याळ, सेंट्रल लॉक, कॉम्प्युटर थोडा करंट खातात, समजा ३० मिलीअँपिअर. महिन्याला होतात साधारण साडेएकवीस एएच, म्हणजे ३५ च्या बॅटरीतली निम्म्याहून जास्त गेली! कोणी काही चोरलं नाही, बॅटरीही खराब नाही, गाडी नुसती उभी होती. बाहेरून बसवलेला डॅशकॅम किंवा जीपीएस ट्रॅकर असेल तर आणखी लवकर. म्हणून महिनाभर उभी ठेवायची असेल तर निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवा. घड्याळ आणि रेडिओ परत सेट करावे लागतील, आणि टर्मिनल काढताना चावी खिशात ठेवा, दरवाजे आपोआप लॉक झाले तर पंचाईत.

अडीअडचणीला दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून चालू करायला जंपर केबल लागलीच तर लाल वायर आधी बसलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, काळी चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला आणि तिचं दुसरं टोक बसलेल्या गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटची ठिणगी तिथे पडते म्हणून. हायवेला ट्रकवाला मदतीला थांबला तर आभार माना पण केबल लावू नका, बहुतेक मोठे ट्रक २४ व्होल्टचे असतात, तुमच्या गाडीचे कॉम्प्युटर उडतील. गाडी चालू झाली तरी घरी आल्यावर चार्जर लावायचाच.

प्रश्न : माझ्या स्कूटरला किक नाहीये, बॅटरी पूर्ण डाऊन झाली. धक्का मारून चालू होईल का? आणि कारचा चार्जर लावला तर चालेल का?

उत्तर : धक्क्याने नाही होणार. स्कूटरचा क्लच इंजिन फिरल्यावरच धरतो, त्यामुळे चाक कितीही ढकललं तरी इंजिन फिरत नाही. गिअरच्या बाईकवरही बॅटरी अगदी शून्य असेल तर फ्युएल इंजेक्शनच्या पंपाला करंट मिळत नाही. कारचा चार चार अँपिअर देणारा चार्जर नको, स्कूटरची बॅटरी जेमतेम ४-५ एएचची, तिला अर्धा अँपिअर पुरे. ती सीलबंद असते, वरची झाकणं उचकटून पाणी टाकू नका.

प्रश्न : आमचा मेकॅनिक दर उन्हाळ्यात बॅटरीत ॲसिड टाकतो. घरी आरओचं पाणी टाकलं तर चालेल का?

उत्तर : दोन्ही नको. उन्हाने उडतं ते पाणी, ॲसिड आतच राहतं, त्यात आणखी ॲसिड ओतलं की तीव्रता वाढून प्लेटा खराब होतात. बॅटरी आडवी होऊन सांडली असेल तरच ॲसिडचा विषय. आरओच्या पाण्यातही क्षार राहतात. डिस्टिल वॉटरच टाका, स्वस्त मिळतं. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर आधी त्या बुडतील एवढंच टाका, चार्ज करा, मग खुणेपर्यंत भरा, कारण चार्जिंगला लेव्हल वर येते आणि आधीच काठोकाठ भरलं तर ॲसिड बाहेर येतं. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे मध्ये दर पंधरा दिवसांनी झाकण उघडून बघा, चष्मा लावून. आणि शेवटी बदलायचीच वेळ आली तर जुनी बॅटरी नवीन घेताना दुकानातच द्या, किमतीतून पैसे वजा होतात. भंगारवाल्याने वस्तीत फोडली तर त्यातलं शिसं आणि ॲसिड तिथल्याच मातीत जातं.