लिनक्सवर विंडोजचा गेम बंद केला तरी स्टीम या गेमच्या ॲपमध्ये ‘रनिंग’च दिसतं, पुन्हा सुरूही होत नाही. दर वेळी रिस्टार्टच करायचं का?

नाही. आणि ज्याने तुम्हाला रिस्टार्ट सुचवलं तो आमच्या भावोजींच्या नात्यातला असावा.

गेल्या गणपतीतली गोष्ट. गिरगावात आमच्या दोन खोल्या, ताई-भावोजी आणि भाचा कल्याणहून पाच दिवसांसाठी आलेले. माझा लॅपटॉप लॅमिंग्टन रोडवरून सेकंडहँड घेतलेला, त्यावर लिनक्स, गेम प्रोटॉनवर (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं स्टीमचं साधन). भाच्याने स्वतःच्या अकाउंटने लॉगिन करून रेसिंगचा गेम लावला. पाचव्या दिवशी सकाळपासून पठ्ठ्या कपाटाला पाठ टेकून जो बसला तो उत्तरपूजेची हाक येईपर्यंत. मग गेम बंद केला. खिडकी गेली, पण लॅपटॉपचा पंखा शिट्टीच्या आधी कुकर फुसफुसतो तसा फुसफुसतच राहिला आणि स्टीममध्ये ‘प्ले’च्या जागी ‘स्टॉप’. ते दाबून पाहिलं, ढिम्म. मी म्हटलं, “राहू दे, आत वाइन चालू आहे अजून, आरती झाली की बघतो.” शेजारच्या काकू तबक हातात धरून माझ्याकडे बघतच राहिल्या. गणपतीसमोर, घरात, वाइन! वाइन हे विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या, प्रोटॉनच्या पोटातल्या सॉफ्टवेअरचं नाव आहे, १९९३पासून आहे, हे त्यांना पटेपर्यंत ‘घालीन लोटांगण’ आलं.

तेवढ्यात भावोजींनी पॉवरचं बटण दाबून धरलं. पंखा गप्प. “अरे, बारा वर्षं आयटीत काढलीत. रिस्टार्टने सुटत नाही असं काही नसतं.” चौपाटीवर विसर्जन झालं, मंडळी कल्याणला गेली.

रात्री भाच्याचा रडवेला फोन. घरच्या विंडोजवर त्याच्या गॅरेजमध्ये आदल्या दिवशीच्याच गाड्या. दिवसभराची कमाई गायब! कारण साधं आहे: स्टीम क्लाउडवर सेव्ह चढते ती गेम संपल्यावर, आणि स्टीमच्या लेखी गेम संपलेलाच नव्हता. सेव्ह माझ्या लॅपटॉपच्या डिस्कवर सुखरूप होती, वर गेलीच नव्हती. रविवारी भाचा आला, लॉगिन केलं, स्टीमने विचारलं की या मशीनवरची ठेवू की क्लाउडवरची, आम्ही मशीनवरची ठेवली. मधल्या दिवसांत तो घरी जे खेळला ते गेलं. भावोजींचा निष्कर्ष: “म्हणून म्हणतो, विंडोज टाक.” यावर आमचं अजून बोलणं चालू आहे.

आता तुमचं. वाइनमध्ये प्रत्येक प्रीफिक्ससाठी (म्हणजे विंडोजचा सी ड्राइव्ह असल्याचं सोंग घेणाऱ्या फोल्डरसाठी) वाइनसर्व्हर नावाची एक प्रोसेस, म्हणजे चालू प्रोग्राम, असते. तिला मंगल कार्यालयाचा मॅनेजर समजा. शेवटचा पाहुणा गेला की तो ३ सेकंद थांबतो आणि दिवे मालवून निघतो. पण कोपऱ्यात एखादे काका पान चघळत बसले असतील तर बिचारा जाणार कसा? हे काका म्हणजे बहुतेक वेळा गेम नसतोच. गेमचा लाँचर (गेम उघडून देणारा छोटा प्रोग्राम) असतो, नाहीतर क्रॅशचा रिपोर्ट पाठवणारा प्रोग्राम. स्टीमही आपल्या बाजूने रीपर नावाची प्रोसेस उभी करतं आणि ती पोटातली शेवटची प्रोसेस संपेपर्यंत हलत नाही. मॅनेजरवर डाफरून उपयोग नाही, काकांना शोधा.

टर्मिनलमध्ये ‘पीग्रेप’, पुढे डॅश ए-एफ आणि ‘.ईएक्सई’. (टाइप अर्थातच इंग्रजीत करा.) गेम गेल्यावर जे गेमच्या फोल्डरमधलं नाव उरलंय तो गुन्हेगार. ‘पीकिल डॅश एफ’ आणि पुढे त्याचं नाव देऊन त्याला उठवा. एक्सप्लोरर, सर्व्हिसेस, वाइनडिव्हाइस ही वाइनची घरचीच माणसं, त्यांना बोल लावू नका. आणि ‘एफ’ विसरू नका. लिनक्सचा कर्नल प्रोसेसच्या नावाची १५च अक्षरं ठेवतो, त्यामुळे लांबलचक नावाचा लाँचर नुसत्या ‘पीकिल’ला सापडतच नाही. मी यात एक अख्खी संध्याकाळ घालवलीय.

तरी हटत नसेल तर ‘वाइनसर्व्हर डॅश के’, म्हणजे मॅनेजरलाच सगळ्यांना बाहेर काढायला सांगणं. हे सगळीकडे सांगतात आणि सगळीकडे अर्धवट सांगतात. नुसतं असं चालवलंत तर ते तुमच्या होम फोल्डरमधल्या ‘.वाइन’ला लागू होतं, आणि तुमचा गेम तिथे नाहीच. स्टीमचा प्रत्येक गेम स्टीमॲप्समधल्या कॉम्पॅटडेटामध्ये, आपापल्या नंबरच्या फोल्डरात, ‘पीएफएक्स’मध्ये राहतो. वाइनप्रीफिक्स हे व्हेरिएबल त्या पत्त्यावर लावा आणि मग कमांड द्या, तीही प्रोटॉनच्याच फोल्डरमधल्या (फाइल्स, त्यात बिन) वाइनसर्व्हरने. सिस्टीमचा वाइन आणि प्रोटॉनचा वाइन यांची सरमिसळ नको. मग ‘स्टॉप’चं ‘प्ले’ होतं, आणि क्लाउडवर सेव्ह चढली का ते डोळ्यांनी बघा. मगच झाकण मिटा.

हे सगळं करण्याआधी मिनिटभर थांबा, हे मी वरच सांगायला हवं होतं. गेम सेव्ह लिहीत असेल आणि तुम्ही मधेच कापलंत तर तुमच्यात आणि भावोजींत फरक तो काय. लुट्रिसमध्ये (स्टीमबाहेरचे गेम लावायचं लिनक्सवरचं ॲप) सगळे गेम एकाच प्रीफिक्समध्ये कोंबले असतील तर डॅश के सगळ्यांनाच घेऊन जाईल. स्टीम फ्लॅटपॅकचं (ॲप बाकी सिस्टीमपासून वेगळं कोंडून ठेवणारा पॅकेजचा प्रकार) असेल तर त्याचं टेंप फोल्डर वेगळं असतं, बाहेरून दिलेली कमांड आत पोचत नाही. तिथे ‘फ्लॅटपॅक किल’ करून अख्खं स्टीमच बंद करावं लागतं.

आणि ‘पीएस’मध्ये (चालू प्रोसेसची यादी देणारी कमांड) त्या प्रोसेसच्या स्टेटखाली ‘डी’ दिसत राहिला, म्हणजे ती डिस्ककडे किंवा ड्रायव्हरकडे अडकून बसली असेल, तर ‘किल डॅश नाईन’ या सक्तीच्या कमांडनेही मरत नाही. तेव्हा रिस्टार्टच. हे मी घरी अजून बोललेलो नाही.