नागपुरात कमी पाण्यावर जगणारं, मधमाश्या-फुलपाखरं येतील असं देशी झुडूप कोणतं लावावं?

बेसाकडचा प्लॉट, काळी माती, उन्हाळ्यात पाण्याची मारामार, तरी कुंपणालगत फुलं हवीत असं तुम्ही लिहिलंय. माझं मत तरवडाला. (तरोटा नव्हे बरं का! तरोट्याची आपण भाजी करतो, ते पावसाळी तण.) शेजाऱ्यांनी सुचवलेली रायमुनिया (घाणेरी) लावू नका. तिच्यावर फुलपाखरं येतात हे खरंय, पण ती मूळची अमेरिकेची. पाखरं तिच्या बिया लांबवर नेऊन टाकतात आणि एकदा घुसली की ती खाली गवतही धड उगवू देत नाही.

तरवडाला आपलं ४५ अंशांचं ऊन मारत नाही, मारलं तर जुलै मारतो. काळी माती फुगून पाणी धरून बसते आणि मुळं कुजतात. म्हणून खड्डा खोदून लावण्यापेक्षा मुरूम टाकून दीड-दोन फूट उंचवटा करा, थोडी माती त्यातच मिसळा आणि रोप त्यावर लावा. शेणखत मूठभर पुरे. खाऊपिऊ घातलं की नुसता पाला सुटतो. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा सावकाश, खोलवर पाणी द्या. पुढे ते आपलं आपण बघतं. कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी मात्र रोज त्याच्या बुडाशी ओतू नका. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात.

रोप घेताना पानाचं बूड बघा. तिथे कानाच्या पाळीसारखी दोन गोल उपपानं असली तर तरवड. नर्सरीत पिवळ्या फुलांचा दुसराच कॅशिया (तरवडाच्याच जवळचं झाड) सर्रास गळ्यात मारतात. बियांपासून करायचं तर शहराबाहेरच्या माळावरून वाळक्या, चपट्या शेंगा आणा. बी टणक असतं. कडकडीत पाणी ओतून रात्रभर भिजू द्या आणि जूनमध्ये पिशवीत लावा. मूळ सरळ खाली जातं, त्यामुळे रोप पिशवीत फार दिवस ठेवू नका.

आता पाहुण्यांचं. तरवडाच्या फुलात मध जवळजवळ नसतोच, असतो तो पराग, आणि तोही परागकोशाच्या टोकाच्या बारीक भोकात कोंडलेला. काळा भुंगा येतो, फुलाला मिठी मारतो आणि पंख न हलवता अंग थरथरवतो. आवाज एकदम बदलतो, जवळ उभं राहिलात तर स्पष्ट ऐकू येतो. त्या थरथरीने पराग भुरभुरतो. मधमाशीला ही युक्ती जमत नाही, ती सांडलेलं वेचते.

फुलपाखरं येतील ती फुलांसाठी कमी आणि अंडी घालायला जास्त. हिरव्या अळ्या पानं खातील, एखादी फांदी बोडकी होईल. फवारणी करू नका, पाला पुन्हा येतो.

तुम्हाला मधाचंही झाड हवंय, तर जोडीला धायटी लावा. सातपुड्याच्या टेकड्यांवरची आहे, पाण्याचा निचरा तिलाही तितकाच लागतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये, तरवडाचा बहर ओसरल्यावर, ती फांदीभर लाल नळ्यांनी भरते. त्या नळ्यांत मध असतो, म्हणून मधमाश्या आणि सूर्यपक्षी दोघंही येतात. दोन्हींमध्ये पाच-सहा फूट अंतर ठेवा आणि जागा दिवसभर उन्हाची निवडा.