पान उलटायच्या आधी

गो बाय,

तुझा मेसेज रात्री वाचला, सकाळी परत वाचला. चित्रं दाखवत कथा म्हणायची ती आपली चित्रकथी, आयपॅडवर काढली तर ती चित्रकथी राहते का, कपांवर छापू की नको, आणि रीलखाली कोणीतरी 'कलेची वाट लावली' लिहिलं म्हणून तू दोन दिवस धड जेवली नाहीस. जेव आधी.

कपावर छाप, टी-शर्टवर छाप, माझं काय जातंय. मी एवढंच विचारतोय, कथा येते का तुला? कपावरचा तो रावण कोणाला काय बोलतोय, म्हणून दाखवशील? मोठा डोळा, बाजूने दिसणारा चेहरा हे तुला माझ्यापेक्षा बरं जमतं, पण कुडाळजवळच्या पिंगुळीत चित्रं भिंतीला टांगायला काढत नव्हते गो, रात्री देवळात वीणा, टाळ आणि डमरूसारखं हुडूक घेऊन बसायचे, कथा सरकली की पान सरकायचं. कथा शीक!

(सावंतवाडीच्या गंजिफाचं तेच. दशावताराचे १२० पत्ते लोक हौसेने नेतात आणि शोकेसमध्ये ठेवतात, खेळतो कोण?)

माझंच सांगतो. काकांच्या पोथीत दोन दोन चित्रं पाठीला पाठ चिकटवलेली. एका गिऱ्हाइकाला फ्रेमसाठी एकच बाजू हवी होती म्हणून मी ओल्या फडक्याने पान सोडवलं. सीता सुटली, मागच्या जटायूचा पंख फडक्याला आला. काका काय बोलले नाहीत, त्या रात्री तेवढा भाग पानाशिवाय नुसता तोंडाने म्हणाले. तेव्हा तरी पाठ करून घ्यायचा ना! नाही केला. विकलं त्याचं मला आजही वाईट वाटत नाही, घरात लग्न होतं, आणि तेव्हा ही चित्रं कुडाळची आहेत हेसुद्धा कोणाला ठाऊक नव्हतं, सगळे 'पैठण शैली' म्हणून न्यायचे. चित्रकथीवाल्या परशुराम गंगावणेंना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली तेव्हा कुठे लोक पिंगुळीचं नाव घ्यायला लागले. पण पोथी माझ्याकडे आहे आणि ती मुकी आहे, त्याला मीच कारण.

असो. रविवारी ये. आयपॅड आणलास तरी चालेल, रेकॉर्डिंग कर. सीताहरणापासून म्हणतो, जटायूपाशी मी अडकणार, तिथून पुढचं शेजारच्या आजोबांना येतं. त्यांना कमी ऐकू येतं, मोठ्याने विचार.