पन्नास पुस्तकांचं आव्हान जूनमध्येच मागे पडलंय, सोडून देऊ का?

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत. जानेवारीत ५० पुस्तकांचं ठरवलंत, जून संपत आला तरी १४ च झाली, तर सोडून द्यावं का? आणि सगळे डोक्यावर घेतात ती कादंबरी आपल्याला आवडली नाही, तर ते चारचौघांत बोलावं का? आव्हान ठेवा, आकडा बदला, हे माझं पहिलं उत्तर. दुसरं उत्तर, बोलावं, पण पान काढून दाखवून. दोन्ही बाबतींत मी आधी तोंडघशी पडलेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी बडोद्याची. घरात मराठी, शाळा गुजराती माध्यमाची. गुजराती लिपीला वरची रेघ नसते, त्यामुळे लहानपणी मराठी पुस्तकातली अक्षरं मला दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी दिसायची. आजही गुजराती भरभर वाचते आणि मराठी सावकाश. तासाला २५ पानं, रात्री स्वयंपाकघर आवरून बसले तर २० च. आणि तरीही २०१६ साली मी ५२ पुस्तकांचं आव्हान घेतलं. आठवड्याला एक, त्यात काय मोठंसं! पोटासाठी करते काय, तर एका कर सल्लागाराच्या ऑफिसात हिशोब. पण हा साधा गुणाकार मला सुचला नाही.

तुम्ही करून बघा. ५० पुस्तकं, सरासरी २५० पानं, म्हणजे वर्षाला १२,५०० पानं. रोजची ३४. माझ्या वेगाने रोज सव्वा तासाच्या वर, एकही दिवस खाडा न करता. लग्नं, आजारपणं, दिवाळीचा फराळ, आणि आमच्याकडे जुलै म्हणजे रिटर्न भरायचा महिना, हे सगळं धरून. तुमची १४ झाली आहेत, म्हणजे उरलेल्या सहा महिन्यांत ३६. आता रोजची पन्नासेक पानं पडतील. तुमच्याच्याने होत असेल तर पुढचं वाचू नका, पुस्तक उघडा.

मला ते झेपलं नाही. आणि झेपलं नाही याचं एवढं वाईट वाटत नाही, मी त्यापायी काय करायला लागले त्याचं वाटतं. मार्चपासून मी पुस्तकं जाडी बघून उचलायला लागले. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत मराठी कपाटासमोर उभी राहून आधी शेवटचं पान उघडायचं, आकडा बघायचा, दोनशेच्या आत असेल तर पिशवीत. गुडरीड्स या वाचकांच्या वेबसाइटवर २०११ पासून हे वार्षिक आव्हान आहे. तिथे तुम्ही किती पुस्तकं मागे आहात ते लिहून येतं. ते वाक्य मला ऑफिसातल्या थकबाकीच्या यादीसारखं टोचायचं. डिसेंबरात मी भाचीची दोन गोष्टींची पुस्तकं आणि एक लोणच्यांचं पुस्तकसुद्धा मोजलं. ५२ पूर्ण झाली! घरात पेढे वाटावेत इतका आनंद झाला होता.

त्यातच एका रविवारी विश्राम बेडेकरांची 'रणांगण' वाचली. १९३९ ची कादंबरी, शे-सव्वाशे पानांची. जाडी बघूनच उचलली होती हे कबूल करते. हिटलरच्या जर्मनीतून निघालेले ज्यू, त्यांना घेऊन चाललेली बोट, तिच्यावर भेटलेले चक्रधर आणि हॅर्टा. सकाळी धरली, दुपारच्या चहाला संपवली, आकडा एकाने पुढे सरकवला आणि संध्याकाळी दुसरं पुस्तक उघडलं. दोन वर्षांनी कुणीतरी तिच्या शेवटाबद्दल काही म्हणालं तेव्हा माझ्या लक्षात आलं की मला शेवट आठवतच नाही. तो शेवट विसरण्यासारखा आहे का? पुन्हा वाचली. या खेपेला चार रात्री लागल्या. बोटीवर पोरं खेळतायत, माणसं पत्ते कुटतायत, आणि आपल्याला मात्र माहीत आहे की यांना कुठलंच बंदर आपलं म्हणणार नाही. पहिल्या वेळी मी हे सगळं उलटून पुढे गेले होते. पानं माझ्या हाताखालून गेली होती, एवढंच.

म्हणून म्हणते, आकडा फार मोठा धरला की पुस्तकं आपण निवडत नाही, तो निवडतो. आणि तो नेहमी बारीक पुस्तकं निवडतो.

आता आम्ही काय करतो ते सांगते. आम्ही सात जण आहोत, महिन्यातून एका रविवारी कुणाच्या तरी घरी जमतो. पाच मराठी घरांतले, दोन गुजराती. त्यातले एक काका दांडिया बाजारातले, पंच्याहत्तरीचे, बडोद्याच्या ग्रंथालयांचा इतिहास त्यांना तोंडपाठ. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये बॉर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल बोलावला, तो तीन वर्षं इथे राहिला आणि त्याने राज्यभर वाचनालयांची घडी बसवून दिली, हे ते आम्हाला दर दोन महिन्यांनी एकदा ऐकवतात. (सेंट्रल लायब्ररीच्या मांडण्यांमधली जमीन जाड काचेची आहे, वरचा उजेड खाली उतरावा म्हणून. बडोद्याला आलात तर ती जरूर बघा. पहिल्यांदा पाय ठेवताना पोटात गोळा येतो.) तर त्या काळात खेड्यांना पुस्तकांच्या पेट्या जायच्या. लाकडी पेटीत पुस्तकं भरून गावाला पाठवायची, गावाने वाचायची, पेटी परत आली की दुसरी जायची. पेटीत काय भरायचं ते दुसराच कुणीतरी ठरवणार.

काका हे सांगत होते आणि आमच्यातली एक म्हणाली, आपणही पेटी करू या की. तेव्हापासून दर डिसेंबरात प्रत्येकाने आपल्या आवडीची एक कादंबरी पेटीत टाकायची, म्हणजे नाव चिठ्ठीवर लिहून डब्यात. डबा शंकरपाळ्यांचा असतो. उरलेल्या सहांची सहा प्रत्येकाने वर्षात वाचायची, अधिक सहा आपल्या मर्जीची. बारा. सरासरी ३०० पानं धरली तरी रोजची दहा. जुलैत माझी शून्य पानं होतात, ऑगस्टात भरून काढते.

बारा म्हणजे फारच कमी, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण बारा असली की जाड पुस्तकाची भीती जाते. श्री. ना. पेंडशांचे 'तुंबाडचे खोत', दोन खंड, ५२ च्या वर्षात मी त्याच्या वाटेलाही गेले नसते. २०२४ च्या पावसाळ्यात ते घेतलं. ऑगस्टच्या शेवटी विश्वामित्री नदी शहरात शिरली. आम्ही कारेलीबागेत पहिल्या मजल्यावर, खाली पार्किंगमध्ये कमरेएवढं पाणी, वीज नाही, रस्त्यात मगर दिसल्याचे व्हिडिओ फिरतायत (ते खरे होते, आमच्या नदीत मगरी आहेतच), आणि मी टॉर्चच्या उजेडात जगबुडीच्या काठावरच्या खोतांच्या पिढ्या वाचतेय. नदीचं नावच जगबुडी! नवरा म्हणाला, तुला आत्ता हेच सापडलं का वाचायला? एरवी मी त्या कादंबरीतल्या वाड्याच्या आणि भाऊबंदकीच्या लांबलचक वर्णनांना कंटाळले असते. पण दोन दिवस कुठेच जायचं नसल्यावर तो सैलपणाच आवडायला लागला. ती कादंबरी घाईत वाचूच नये.

आणि पेटीमुळे मी गुजरातीकडेही परत आले. लहानपणी परीक्षेपुरतं वाचलेलं, पुढे सगळा अभिमान मराठीचा. आमच्या गटातल्या एका बेनने पन्नालाल पटेलांची 'मानवीनी भवाई' टाकली होती. मी उगाचच म्हटलं, खेड्यातली प्रेमकथा ना? त्या म्हणाल्या, "पहेलां वांचो, पछी बोलजो." (आधी वाचा, मग बोला.) वाचली. छप्पनियो दुष्काळ, म्हणजे विक्रम संवत १९५६ चा, इसवी सनाच्या १८९९-१९०० चा. माझ्या पणजीच्या तोंडी हा शब्द यायचा. कुणी ताटात टाकलं की "छप्पनियात असतास तर कळलं असतं." मला वाटायचं ती शिवी आहे. पन्नाशीला टेकल्यावर कादंबरीतून कळलं की ती कशाबद्दल बोलत होती.

आता तुमचा दुसरा प्रश्न, मताचा. आमच्या तिसऱ्याच बैठकीत मी 'मृत्युंजय'वर बोलले. शिवाजी सावंतांची ही १९६७ ची कादंबरी कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण अशा वेगवेगळ्या तोंडांतून सांगितलेली आहे. मी ठासून म्हटलं की सगळे एकाच आवाजात बोलतात, सगळ्यांच्या जिभेवर तीच अलंकारांची साखर, आणि ज्यांना ती आवडते त्यांनी सोळाव्या वर्षानंतर काही वाचलेलं नसतं. शेवटचं वाक्य बोलले नसते तर बरं झालं असतं. टाळी मिळाली म्हणून बोलले. काका काही बोलले नाहीत, चहा तसाच ठेवून लवकर उठले.

पुढच्या महिन्यात ते आपली प्रत घेऊन आले. खाकी कागदाचं कव्हर, कणा दोऱ्याने शिवलेला. मला म्हणाले, शोणाचा भाग काढ, दोन पानं मोठ्याने वाच. वाचायला लागले. धाकटा भाऊ, दादाच्या मागे धावणारा. तो दुर्योधनासारखा बोलत नाही. साधा बोलतो, भारावून बोलतो, ते वेगळं. मी अर्धं मागे घेतलं. अर्धं अजून माझं आहे : कुंती आणि कर्ण दोघेही मला भाषणाला उभे राहिल्यासारखे वाटतात. काकांना हे मान्य नाही. पण आता आम्ही पुस्तक उघडून भांडतो.

तेव्हापासून मी तारे देणं बंद केलं. पाचपैकी तीन म्हणजे काय, हे वर्षभराने मलाच सांगता येत नव्हतं. त्याऐवजी वहीत प्रत्येक कादंबरीच्या दोन नोंदी करते : कुठल्या पानावर चहा गार झाला आणि कुठल्या पानावर मी मोबाइल हातात घेतला. बस. काहींना दुसरीच नोंद असते, काहींना पहिलीच. मत द्यायची वेळ आली की ती दोन पानं काढते आणि तिथून बोलते. "पाल्हाळ आहे" म्हटलं की समोरचा चिडतो. "या पानापासून त्या पानापर्यंत मेजवानीचंच वर्णन आहे, मी तिथे झोपले" म्हटलं की तो हसतो, आणि मग एक तर कबूल करतो किंवा त्या मेजवानीत मी काय बघितलं नाही ते दाखवतो. मला दोन्ही चालतं.

नावाजलेली कादंबरी अर्धवट सोडली तर ते तसंच सांगा. "अमुक पानावर सोडली" हेही मतच आहे, फक्त संपूर्ण पुस्तकावर निकाल देऊ नका. भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' मी बाविसाव्या वर्षी पहिल्या चाळीस पानांत सोडली होती, यात काही घडतच नाही म्हणून, आणि पुढे कित्येक वर्षं ती वाचल्यासारखी तिला नावं ठेवत फिरले. चाळिशीनंतर परत धरली. नायकाच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूची पानं आली तेव्हा पुस्तक मिटून गच्चीत जाऊन उभी राहिले. तिथे माझ्या वहीत पानाचा नंबर आहे, पुढे काही लिहिलेलं नाही.

लेखक हयात असेल आणि पहिलीच कादंबरी असेल तर मी जरा हात राखून लिहिते. हे बरोबर की चूक ते तुम्ही ठरवा. आमच्या गटातले दोघे याला भित्रेपणा म्हणतात.

तर तुमचं या वर्षाचं. त्या १४ मधली किती आज आठवतात ते एकदा कागदावर लिहून बघा, प्रत्येकी एक पान, एक प्रसंग. आठवणार नाहीत त्यांतलं एक पुन्हा वाचा आणि निःसंकोच मोजा. उरलेल्या सहा महिन्यांसाठी आकडा ३६ वरून आठ-दहावर आणा. त्यातली तीन-चार दुसऱ्या कुणाला निवडू द्या, शक्यतो ज्याच्याशी तुमचं पटत नाही अशा माणसाला. आणि एक जाड घ्या.

माझं जाड या वर्षी गुजराती आहे, गोवर्धनराम त्रिपाठींचं 'सरस्वतीचंद्र'. चार भाग, पहिला १८८७ चा आणि चौथा १९०१ चा. हेही पेटीतून आलं, टाकणारे काकाच. आत्ता दुसऱ्या भागात आहे. मोजताना हे एक धरायचं की चार, यावर मागच्या रविवारी तासभर वाद झाला. मी एक म्हणतेय. काका, ज्यांनी जन्मात कधी पुस्तकं मोजली नाहीत, ते चारवर अडून बसलेत.