बाळ गेल्यानंतर येणारे दूध थांबवताना

आपल्या धाकट्या बहिणीचे बाळ जन्मानंतर काही तासांतच गेले, चौथ्या दिवशी पान्हा फुटून तिची छाती दगडासारखी झाली आहे आणि घरातील वडीलधाऱ्या बायका घट्ट पट्टा बांधायला सांगत आहेत, तो बांधावा का, असे आपण विचारले आहे. बांधू नये. आवळून बांधल्याने दुखणे वाढते, दूध साकळून गाठी होतात आणि त्यातून स्तनदाह होण्याची भीती असते. नीट आधार देणारी, पण कुठेही न रुतणारी ब्रा पुरेशी आहे.

वार पडल्यावर प्रोजेस्टेरॉन हे गरोदरपणातले संप्रेरक झपाट्याने उतरते आणि दूध तयार करवणाऱ्या प्रोलॅक्टिन या संप्रेरकाला वाट मोकळी होते, म्हणून बाळ असो वा नसो, दूध येतेच. पुढे मात्र जेवढे काढावे तेवढे ते बनते आणि साचून राहिले की बनणे आपोआप कमी होते. त्यामुळे ठणका सोसवेना झाला तरच, ताण हलका होईल इतकेच हाताने काढावे, स्तन रिकामा करू नये.

2013 साली माझ्यावर हीच वेळ आली, तेव्हा रुग्णालयातून घरी पाठवताना दूध येईल हे मला कोणीही सांगितले नव्हते. सासूबाईंनी पंचवटीतून कोबी आणला. त्या पाने धुऊन फ्रीजमध्ये ठेवत, जाड शिरा लाटण्याने चेपत आणि छातीवरचे पान मऊ पडले की दुसरे देत. कोबीने दूध आटते याला भक्कम पुरावा नाही, पण गारव्याने मला झोप लागली. (दक्षिणेत यासाठी मोगऱ्याची फुले बांधतात.) थंड पाण्याची घडीही चालते. बाळंतिणीची शेकशेगडी मात्र छातीपासून दूर ठेवावी, आणि अळिवाची खीर व शतावरी कल्प, प्रेमाने आणलेले असले तरी, सध्या बाजूला ठेवावेत. पाणी तोडण्याचा काहीही उपयोग होत नाही. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन डॉक्टरांना विचारून घेता येते.

दूध थांबवणाऱ्या गोळीबद्दल थोडे सविस्तर लिहिते. तिचे नाव कॅबरगोलिन. बाळंतपणानंतर पहिल्याच दिवशी ती 1 मिलिग्रॅम एकदाच देतात. दूध आल्यानंतर 0.25 मिलिग्रॅम दर 12 तासांनी, 2 दिवस. बाळंतपणात रक्तदाब वाढला असेल, हृदयाच्या झडपांचा विकार असेल किंवा पूर्वी बाळंतपणानंतर गंभीर मानसिक आजार झाला असेल, तर ते डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता आधी सांगावे, कारण अशा स्त्रियांना ही गोळी देत नाहीत. याच कामासाठी पूर्वी सर्रास दिल्या जाणाऱ्या ब्रोमोक्रिप्टिनचा हा वापर अमेरिकेत 1994-95 मध्ये पक्षाघात, हृदयविकार व फिट येण्याच्या तक्रारींमुळे बंद झाला. घरातील जुनी चिठ्ठी दाखवून ते परस्पर आणू नये.

ताप 38 अंश सेल्सिअसच्या वर गेला, किंवा स्तनाचा एखादा भाग लाल व गरम झाला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

दाटणे साधारण आठवडा-दहा दिवसांत ओसरते, पण थेंब पुढेही कित्येक आठवडे येऊ शकतात. दीड महिन्यानंतर जिन्यात शेजारच्या बाळाचे रडणे कानावर पडले आणि माझा ब्लाऊज ओला झाला. तेवढ्यासाठी पुन्हा गोळी घ्यावी लागली नाही.