त्याच्या भाषेत हर्पीस, माझ्या भाषेत गुप्तरोग

प्रश्न : ताई, नमस्कार. माझं वय ३१. दीड वर्षापूर्वी मला खाली फोड आले, भयंकर जळजळ, ताप, लघवीला बसलं की डोळ्यांतून पाणी यायचं. स्किनच्या डॉक्टरांनी फोडातून स्वॅब घेतला आणि रिपोर्ट आला एचएसव्ही-१ (हर्पीसचा व्हायरस, टाइप १) पॉझिटिव्ह. तेव्हाचं नातं त्यातच संपलं. तो म्हणाला तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती, आणि मी त्याच्याशिवाय कधी कोणासोबत नव्हतेच. त्यानंतर एकदाच परत आलं, तेही थोडंसं.

आता पाच महिने झाले, एका जर्मन मुलासोबत आहे, कामातून ओळख झाली. अजून आम्ही तितकं पुढे गेलो नाही, मीच थांबवलंय. मागच्या आठवड्यात व्हिडिओ कॉलवर त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात एक छोटा पारदर्शक पॅच चिकटवलेला दिसला. काय झालं विचारलं तर म्हणाला, काही नाही, हर्पीस आलाय, स्ट्रेस झाला की येतो, आणि लगेच दुसरंच काहीतरी बोलायला लागला. मी नेट गेलं असं सांगून कॅमेरा बंद केला. जो शब्द मी दीड वर्षात सख्ख्या बहिणीसमोर उच्चारला नाही तो हा माणूस सर्दी झाल्यासारखा बोलून गेला.

मैत्रीण म्हणते, बघ, तिकडे याचं कोणाला काही नसतं, सांगूच नकोस. खरंच तिकडे काही नसतं का? आणि मी सांगितलं तर तोही 'काही नाही' म्हणेल का?
– नाव छापू नये

उत्तर : तू कॅमेरा बंद केलास ते वाचून मला आधी तुझ्या त्या जुन्या मित्राचाच राग आला. 'अपेक्षा नव्हती' हे एक वाक्य तू दीड वर्ष बरोबर घेऊन फिरतेयस. एचएसव्ही-१ म्हणजे ओठावर फोड येतात तोच व्हायरस, आणि तो खाली पोचतो तो बहुतेक वेळा तोंडावाटे, म्हणजे ओरल सेक्समधून. तू म्हणतेस तसं दुसरं कोणी नव्हतंच तर तो त्याच्याच ओठावरून आलेला असण्याची शक्यता खूप मोठी आहे, आणि गंमत नाही पण खरंय की त्याला स्वतःला ते माहीतही नसेल, कारण बहुतेकांना काही लक्षणंच दिसत नाहीत किंवा लहानपणी कधीतरी एक फोड येऊन गेलेला असतो आणि तो कोणाच्या लक्षातही नसतो. तेव्हा ते वाक्य आता खाली ठेव.

आता त्या पॅचकडे येऊ. तो बोलला आणि तू ऐकलास तो शब्द एकच, पण गोष्टी दोन होत्या. जर्मनमध्ये ओठावरच्या फोडाला सरळ हर्पीस म्हणतात, त्याच्या क्रीमवर तेच नाव असतं, त्यामुळे तिथे तो शब्द ऑफिसात, घरात, कुठेही बोलता येतो. फ्रेंच लोक त्याच फोडाला तापाची पुळी म्हणतात, डच लोक तापाचा ओठ म्हणतात, इंग्रजीत कोल्ड सोअर, आणि आपण काय म्हणतो, 'उष्णता झालीय'. म्हणजे बहुतेक भाषांनी ओठावरच्या फोडाला एक साधं घरगुती नाव देऊन टाकलं, आणि मग हर्पीस हा शब्द फक्त खालच्यासाठी उरला, आणि सगळी लाज त्या उरलेल्या शब्दावर जाऊन बसली. जर्मनमध्ये ही वाटणी तशी झाली नाही म्हणून तिथे शब्द हलका आहे. शब्द हलका आहे, एवढंच. जननेंद्रियांवरच्या हर्पीसबद्दल बोलायचं झालं की जर्मन माणूसही घुटमळतो.

आपल्याकडे तर अजून गोंधळ, कारण हर्पीस म्हटलं की निम्म्या लोकांना नागीण आठवते. नागीण म्हणजे हर्पीस झोस्टर, कांजिण्यांचा व्हायरस, घराणं एक पण व्हायरस वेगळा, तिचा सेक्सशी काही संबंध नाही. आणि लैंगिक आजारांसाठी आपला जुना शब्द कोणता, तर गुप्तरोग. नावातच सांगून ठेवलंय की हे बोलायचं नाही! त्यामुळे बहिणीसमोर तुझ्या तोंडून तो शब्द निघाला नाही यात तुझा भित्रेपणा वगैरे काही नाही, आपल्याला तो शब्द बोलायला कोणी शिकवलंच नाही.

'तिकडे काही नसतं' हे मला मुळीच पटत नाही. तिकडे म्हणजे कुठे? अमेरिकेत १९८२ च्या ऑगस्टमध्ये टाइम मासिकाने हर्पीसवर कव्हर स्टोरी केली होती, आजच्या काळातला कलंक अशा अर्थाचं शीर्षक देऊन, आणि ज्या वर्षी हर्पीसवरच्या असायक्लोव्हिर या औषधाचं मलम तिथे मंजूर झालं त्याच वर्षी, म्हणजे औषध आणि बदनामी हातात हात घालून घरोघरी पोचली. ती बदनामी अजून पुरती गेलेली नाही. न्यूझीलंडमध्ये २०२४ ला तिथल्या हर्पीस फाउंडेशनने 'हर्पीस असायला जगातला सर्वांत उत्तम देश' अशी मोहीमच काढली, रग्बी टीमचे जुने कोच ग्रॅहम हेन्री त्यात पुढे होते, पुढच्या वर्षी कान लायन्स या जाहिरातींच्या पुरस्कारांत तिला मोठं बक्षीसही मिळालं. आता मला सांग, जिथे कोणाला काही वाटतच नाही तिथे अशी मोहीम कशाला काढावी लागेल?

म्हणून त्याचा पासपोर्ट बघून तो काय म्हणेल ते ठरवू नकोस. तो ज्या घरात वाढला तिथे या गोष्टी बोलल्या जायच्या का, त्याच्या आधीच्या नात्यात काय झालं, यावर ते जास्त अवलंबून असतं. मी दोन्ही पाहिलंय, परदेशी जोडीदार ऐकल्या ऐकल्या गायब झालेला आणि इथलाच मुलगा 'बरं, मग मी काय काळजी घ्यायची?' एवढंच विचारणारा.

सांगायचं की नाही? सांगायचं, आणि पुढे जायच्या आधी सांगायचं. मैत्रिणीचा हेतू चांगला असेल पण तिचं हे ऐकू नकोस. त्याच्या समाजात ते किती मोठं मानतात हा प्रश्नच नाही, शरीर त्याचं आहे, ठरवायचा हक्क त्याचा आहे. इंग्लंडमध्ये तर न सांगता हर्पीस दिल्याबद्दल एकाला दोषी ठरवल्याचा निकाल २०१४ मध्ये अपील कोर्टाने कायम ठेवला होता (शिक्षेची मुदत कमी केली, पण दोषी तो राहिलाच). कायदा देशोदेशी वेगळा आहे, तुला घाबरवायला हे लिहीत नाहीये, पण 'तिकडे चालतं' म्हणणाऱ्यांना हे ठाऊक असावं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथे तू चुकू शकतेस म्हणून जरा सावकाश वाच. तुम्ही दोघं इंग्रजीत बोलत असणार, जी ना तुझी ना त्याची. तू नुसतं 'मलाही हर्पीस आहे' म्हणालीस तर त्याला ओठ ऐकू येईल. तो म्हणेल, अरे मग काय. तू सुटकेचा श्वास टाकशील, विषय संपला असं वाटेल, आणि प्रत्यक्षात तू त्याला काहीच सांगितलेलं नसेल. सहा महिन्यांनी खरं कळलं की त्याला ती लपवाछपवी वाटेल. म्हणून जागा सांग, टाइप सांग, तारीख सांग. साधारण असं : "मला दीड वर्षापूर्वी हर्पीस झाला, ओठावर नाही, खाली. टेस्टमध्ये टाइप १ आला, तुझ्या ओठावर येतो तो बहुतेक हाच. त्यानंतर एकदाच परत आलाय. आपण पुढे जायच्या आधी तुला माहीत असावं असं मला वाटलं." बस. माफी मागू नकोस, रडू आलं तर येऊ दे पण 'मी वाईट आहे' हा सूर लावू नकोस, कारण समोरचा बऱ्याचदा आपल्या सुरावरून ठरवतो की ही गोष्ट किती भयंकर आहे.

आणि टाइप सांगणं का गरजेचं, तर त्याने तुमचं सगळं गणित बदलतं. ओठावर वारंवार येणारा फोड जवळजवळ नेहमी एचएसव्ही-१ चा असतो. म्हणजे बहुधा तुम्हा दोघांकडे एकच व्हायरस आहे, फक्त पत्ता वेगळा. ज्याच्या अंगात टाइप १ आधीच मुरलेला आहे त्याला तोच पुन्हा नव्या जागी लागण्याची शक्यता फार कमी असते, शून्य म्हणत नाही मी, पण फार कमी. शिवाय खालचा टाइप १ हा टाइप २ पेक्षा (हर्पीसचा दुसरा व्हायरस, जो मुख्यतः खालीच होतो) बराच शांत असतो, पहिल्या वर्षात एखाद वेळा उठतो, पुढे अजून कमी, तुझा अनुभवही तोच आहे. फोड किंवा चुरचुर असेल त्या दिवसांत मात्र थांबायचं, तुझा असो की त्याचा, आणि त्याला पॅच लागलेला असेल तेव्हा ओरल नाही. व्हायरस दाबून ठेवणारी गोळी रोज घ्यायची का ते तुमच्या डॉक्टरांशी बोला, तुझ्या बाबतीत बहुतेक गरज पडणार नाही.

जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० सालचा अंदाज असा आहे की पन्नाशीच्या आतल्या ३८० कोटी लोकांना, म्हणजे ६४ टक्क्यांना, टाइप १ आहे. बहुतेकांना तो लहानपणी कोणीतरी लाडाने पप्पी घेतली तेव्हाच मिळतो. श्रीमंत देशांत आता लहानपणी तो कमी मुलांना लागतो, म्हणून तिथल्या बऱ्याच तरुणांची या व्हायरसशी पहिली गाठ थेट सेक्समधून पडते आणि तो खाली येतो. म्हणजे तुझ्यासारख्या केसेस त्याच्या देशातल्या डॉक्टरांना नेहमीच्या आहेत.

पुढे कधी मूल व्हायची वेळ आली तर प्रसूतीच्या डॉक्टरांना आधीच सांगून ठेव. बाळाला खरा धोका असतो तो आईला शेवटच्या तीन महिन्यांत नव्याने लागण झाली तर. जुन्या इन्फेक्शनमध्ये तो फार कमी असतो, आणि डॉक्टर त्याची काळजी घेतात.

प्रश्न : ताई, वय ३४, एका अमेरिकन मुलीला डेट करतोय. तिसऱ्याच भेटीत तिने शांतपणे सांगितलं की तिला सहा वर्षांपासून एचएसव्ही-२ आहे, रोज एक गोळी घेते, कंडोम लागेलच, आणि वर मलाच विचारलं की तुझी शेवटची टेस्ट कधी झाली. मला ते अपमानास्पद वाटलं. मी मागच्याच वर्षी सगळ्या टेस्ट केल्यात, सगळं निगेटिव्ह, मी क्लीन आहे. हे इतकं कोरडेपणाने कोण बोलतं? मला ती आवडते म्हणून लिहितोय.

उत्तर : आधी तो 'क्लीन' शब्द काढून टाक रे, कारण मग ती घाण ठरते आणि तसं तुला म्हणायचं नाहीये, शेवटच्या ओळीवरून ते दिसतंच. तिकडे डेटिंगमध्ये हे बोलायची पद्धत आहे, काही सवयीने, काही कायद्यामुळे. कॅलिफोर्नियाच्या कोर्टाने १९८४ मध्येच ठरवलं होतं की न सांगता हर्पीस दिला तर नुकसानभरपाईचा दावा लावता येतो. तुला जो कोरडेपणा वाटला तो तिने कितीतरी वेळा आरशासमोर घोकलेला असेल, कारण तिला माहीत असतं की या वाक्यानंतर समोरचा उठून जाऊ शकतो. आपल्याकडे असं बोलणं रडून, हात धरून होतं, म्हणून तुला ते थंड वाटलं.

आणि तुझ्या 'सगळ्या टेस्ट'मध्ये हर्पीस होता का ते रिपोर्ट काढून बघ. बहुतेक नसणार. एचआयव्ही, सिफिलिस, हिपॅटायटिस बी हे असतं, हर्पीसची टेस्ट लक्षणं नसताना सहसा करतच नाहीत, अमेरिकेतसुद्धा सरसकट करू नका असाच सल्ला आहे, कारण रक्तातल्या टेस्टमध्ये खोटा पॉझिटिव्ह बराच येतो (आणि त्यातली आयजीएम नावाची टेस्ट तर करूच नकोस, तिच्यावरून काही ठरत नाही). तिकडे १४ ते ४९ वयात साधारण १२ टक्के लोकांना टाइप २ आहे आणि त्यातल्या जवळजवळ ८७ टक्के लोकांना कोणी कधी निदान सांगितलेलंच नाही. म्हणजे तुला आधी भेटलेल्या मुलींपैकी कोणाला असेल तर तिलाही ठाऊक नसणार, आणि तुलाही नसणार. ही एक आहे जिला माहीत आहे.

माहीत असण्याचा फायदा किती तर २००४ मध्ये १४८४ जोडप्यांचा अभ्यास छापून आला, एकाला टाइप २ आणि दुसऱ्याला नाही अशी जोडपी. आठ महिन्यांत, ज्यांचा जोडीदार रोज ५०० मिलिग्रॅम व्हॅलासायक्लोव्हिर (हर्पीसचा व्हायरस दाबणारी गोळी) घेत होता त्यांच्यापैकी १.९ टक्क्यांना लागण झाली, आणि जिथे नुसतीच बिनऔषधाची गोळी होती तिथे ३.६ टक्क्यांना. कंडोमने धोका अजून उतरतो, पूर्ण जात नाही, कारण व्हायरस झाकलेल्या जागेबाहेरच्या कातडीवरही असू शकतो, आणि फोड नसतानाही. २००६ चा दुसरा एक अभ्यास मला स्वतःला फार मोलाचा वाटतो. ज्यांना आधीच लागण झालेली त्यांना विचारलं, तर ज्यांच्या जोडीदाराने आधी सांगितलेलं त्यांना लागण व्हायला मध्यक २७० दिवस गेले होते (म्हणजे निम्म्यांना त्याहून कमी, निम्म्यांना जास्त), न सांगितलेल्यांना ६०. नुसतं सांगितल्याने लोक जपून वागतात.

धोका नाहीच असं मी तुला सांगणार नाही. टाइप २ असला की एचआयव्ही लागण्याची शक्यता वाढते, पहिला झटका त्रासदायक असू शकतो, व्हायरस आयुष्यभर अंगात राहतो. हे सगळं धरून नाही म्हणावंसं वाटलं तर नाही म्हण, त्यात गैर काही नाही, फक्त तोंडावर म्हण, मेसेजचं उत्तर देणं बंद करून नको. आणि पुढे जायचं असेल तर तिचा प्रश्न अजून तसाच पडलाय. टेस्ट कधी केली होती, कोणत्या केल्या होत्या आणि कोणत्या नव्हत्या, ते तिला सांग.