अल्बम कचऱ्यात गेला, आता काकू बोलत नाहीत

पत्र: आमचं घर वरच्या मजल्यावर, म्हणून पुरातून वाचलं. खालच्या काकूंच्या घरात छातीभर पाणी होतं. काल गाळ काढायला गेले आणि भिजलेल्या गाद्यांबरोबर त्यांचा फोटोंचा अल्बमही कचऱ्यात टाकला. काकू खूप रडल्या. आता दार उघडत नाहीत. मदत करायची आहे, पण कशी?

उत्तर: ताई, गाद्या टाकल्यात ते बरोबरच झालं. पुराच्या पाण्यात सांडपाणी असतं, आणि ते कापसात, फोममध्ये मुरलं की धुऊन निघत नाही. अल्बमचं मात्र चुकलं. ढीग अजून उचलला नसेल तर आत्ताच जाऊन शोधा. चिकटलेली पानं ओढू नका, फोटोवरचा थरच निघून येतो. जे फोटो सहज सुटतील ते गार, स्वच्छ पाण्यात हलकेच बुडवा आणि चित्राला बोट न लावता, उताणे, सावलीत पसरा. बाकीचा अल्बम प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा. तिथे बुरशी वाढत नाही, मग सवडीने सोडवता येतो. सापडलाच नाही तर "न विचारता टाकला, माझं चुकलं," एवढंच म्हणा. "फोटोच तर होते" असं चुकूनही म्हणू नका.

यापुढे "काही लागलं तर सांगा" असंही नको. ज्याचं घर बुडालंय त्याला काय लागेल हेच सुचत नसतं. "तीन वाजता येऊन स्वयंपाकघर धुऊ का?" असं विचारा, म्हणजे त्यांना फक्त हो किंवा नाही म्हणायचं उरतं. वस्तूंचे तीन ढीग करा: ठेवायच्या, टाकायच्या आणि काकू ठरवतील त्या. टाकण्याआधी प्रत्येक वस्तूचा आणि भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेचा फोटो काढा, नुकसानभरपाईला लागतो.

मेन स्विच बंदच राहू दे. वायरमनने तपासल्याशिवाय काहीही चालू करायचं नाही. गाळ ओला असतानाच ओढा, वाळला की दगडासारखा होतो. भिंती आणि फरशी आधी साबणाच्या पाण्याने घासा, मगच ब्लीच लावा, कारण घाणीवर ब्लीचचा जोर वाया जातो. बुरशी आली असेल तिथे चार लिटर पाण्यात जास्तीत जास्त एक कप पातळ ब्लीच. त्यात अ‍ॅसिड किंवा संडास धुण्याचं औषध अजिबात मिसळू नका, विषारी वायू निघतो. दारं-खिडक्या उघड्या ठेवा. गमबूट, रबरी हातमोजे हवेतच, कारण लेप्टोचे (उंदरांच्या लघवीतून पाण्यात येणाऱ्या तापाचे) जंतू बारीकशा जखमेतूनही शिरतात. पुढच्या महिनाभरात कुणाला ताप आला तर पुराच्या पाण्यात काम केल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा.

पहिल्या आठवड्यात मदतीला खूप माणसं येतात, नंतर कुणी फिरकत नाही. तुम्ही तेव्हा जा. काकू रंगकामाची घाई करतील. भिंतीवर प्लास्टिकचा चौकोनी तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने लावा आणि दुसऱ्या दिवशी दोघी मिळून बघा. आतून दव धरलं असेल तर भिंत अजून ओली आहे, रंग थांबवा.